भेटण्याची वेळ : सायंकाळी ६ ते ८

आमच्या कॉलनीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीला लागून, दहा बाय बाराची एक खोली आहे. आत एक लोखंडी टेबल, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला बाक आणि खिळ्याला अडकवलेले गेल्या वर्षीचे कॅलेंडर. बाहेर पत्र्याची पाटी. पाटीवर आमच्या ताईंचे नाव, खाली ‘नगरसेविका’ आणि त्याखाली ‘भेटण्याची वेळ : सायंकाळी ६ ते ८, रविवार बंद.’ मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हा कोणीतरी ‘नगरसेविका’ या शब्दाच्या आधी, जागा नसताना, ‘मा.’ एवढेच अक्षर कोंबून ‘माजी’ची सोय केली. वेळेची ओळ मात्र तशीच राहिली. लोकांनी पाटीवरचा बदल वाचलाच नसावा, कारण ते सहाला येतच राहिले.

या खोलीतल्या एका खुर्चीवर मी पंधरा वर्षे बसलो. मी कोणत्या पक्षाचा नाही, सतरंज्या उचलण्याचे वयही उरले नव्हते. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि २००६ साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी महापालिकेची निवडणूक झाली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. ज्या कार्यकर्त्याने दहा वर्षे तयारी केली होती, त्याने ऐन वेळी बायकोला उभे केले आणि ती निवडून आली. तो कार्यकर्ता माझा जुना विद्यार्थी. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, ‘‘सर, पत्रं लिहायला माणूस हवाय. आमची पोरं लिहितात, पण त्यातलं साहेबांना काही कळत नाही. दोन तास बसाल का?’’

खरे सांगायचे तर नगरसेवक या प्राण्याबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते. चौकातल्या फलकावर हात जोडून उभा असलेला, गणपतीत वर्गणी वाटणारा, वाढदिवसाला रस्ता अडवणारा माणूस, एवढीच माझी कल्पना. मध्यमवर्गीय माणसाला नगरसेवकाची गरज पडत नाही आणि पडली तर ती त्याला कबूल करायची नसते. तरीही मी हो म्हणालो. निवृत्त माणसाची संध्याकाळ फार लांब असते.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले की, शहर म्हणून मी ज्याला ओळखत होतो ते शहर वेगळे आणि सहा ते आठच्या दरम्यान या खोलीत येणारे शहर वेगळे. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका पाण्यासाठी यायच्या. ‘‘सकाळी साडेचारला येतं अन् पाचला जातं, तेही करंगळीएवढं,’’ असे सांगताना त्या खरोखर करंगळी दाखवत. कोणाचा चेंबर तुंबून मोरीतून पाणी उलटे आलेले असे. कोणाला मुलीच्या दाखल्यासाठी रहिवासी असल्याचे पत्र हवे असे. जन्मदाखल्यावर ‘सुनिता’चे ‘अनिता’ झालेले. रुग्णालयाचे बिल भरायला पैसे नाहीत. झाडाची फांदी विजेच्या तारेवर आलेली. दिवा लागत नाही. नवरा मारतो. शेजाऱ्याने भिंत पुढे घेतली. शेवटच्या दोन गोष्टींशी महापालिकेचा काय संबंध, असे मी एकदा विचारले. ताई म्हणाल्या, ‘‘सर, पोलीस ठाण्याची पायरी चढायला भीती वाटते. इथली पायरी कमी उंच आहे.’’

पायरी कमी उंच आहे! नगरसेवक या पदाची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कोणत्याही कायद्यात सापडली नाही.

आणि कायदा मी पाहिला, कारण मास्तरकीची खोड. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो. तो घडवण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा. मेहतांचा पुतळा आजही मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे. राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या कायद्याखाली येतात. दोन्ही कायद्यांचा कणा एकच आहे. धोरण ठरवायचे, अंदाजपत्रक मंजूर करायचे ते निवडून आलेल्या सभेने. ते अमलात आणायचे आयुक्तांनी. आणि आयुक्त नेमायचा राज्य सरकारने. म्हणजे ज्या नगरसेवकाच्या दारात आपण फुटलेली पाइपलाइन घेऊन जातो, त्याला ती दुरुस्त करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार नाही. कनिष्ठ अभियंता त्याचा नोकर नाही. त्याच्या हातात काय, तर सभेतला प्रश्न, अंदाजपत्रकातली एखादी ओळ, एक पत्र आणि एक फोन. बाकी सगळे त्याच्या चिकाटीवर आणि जिभेवर.

मात्र या अपुऱ्या हत्यारांनी लढलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याची टूम निघाली. नियुक्त सभासदाने सरकारच्या पाहुण्याला विरोध करायचा नसतो, हा शिरस्ता. फुल्यांनी तो मोडला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. विरोधात मत पडले ते त्यांचे एकट्याचे. पुढे लाखो रुपये ओतून नवी मंडई बांधण्यावरही त्यांनी टीका केली होती. आज त्या मंडईला त्यांचेच नाव आहे. आपल्या शहरांची कृतज्ञता अशी उशिराची आणि थोडी विनोदी असते.

दुसरे नाव मृणाल गोरे यांचे. गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले १९५७ मध्ये. हद्द आली तरी पाणी लगेच येत नाही, हे उपनगरांनी तेव्हापासून सोसले आहे. १९६१ साली मृणालताई महापालिकेवर निवडून आल्या. त्याच वर्षी अहिल्याताई रांगणेकरही आल्या आणि पुढे एकोणीस वर्षे राहिल्या. मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न सभागृहात मांडला आणि हंडे घेतलेल्या बायकांना सोबत नेऊन तो कचेरीच्या दारातही मांडला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. पुढे त्या आमदार झाल्या, खासदार झाल्या, पण नाव तेच राहिले. नळाला पाणी आणणाऱ्या माणसाला लोक विसरत नाहीत. नळाला पाणी न आणणाऱ्यालाही विसरत नाहीत, पण ते मतदानाच्या दिवशी.

असो. आमच्या खोलीत इतिहास घडत नव्हता, पत्रे लिहिली जात होती. पहिल्या महिन्यात मी उत्तम मराठीत पत्रे लिहिली. ‘नागरिकांची होणारी कुचंबणा लक्षात घेता’, ‘सत्वर’, ‘सहानुभूतिपूर्वक’ वगैरे. एकाही पत्राचे काम झाले नाही. मग क्षेत्रीय कार्यालयातल्या एका जुन्या लिपिकाने मला शहाणे केले. म्हणाला, ‘‘सर, अंधार आहे असं लिहू नका. खांबाचा नंबर लिहा. अंधाराला टेबल नाही, खांबाला आहे.’’ त्या दिवसापासून माझी भाषा बदलली. कोणता खांब, कोणत्या दोन घरांमधला चेंबर, किती इंची पाइप, किती वाजता पाणी येते, किती घरे. पत्राच्या दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख, म्हणजेच पोच. पोच नसलेले पत्र म्हणजे मनातला विचार. पंधरा दिवसांनी त्या आवक क्रमांकाचा दाखला देऊन स्मरणपत्र. चौतीस वर्षे मुलांना निबंध शिकवला, पण लिहिण्याने काही होते, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळले.

ताईसुद्धा शिकत होत्या. पहिली दोन वर्षे कारभार यजमानांचाच होता. ताई सही करायच्या आणि चहा सांगायच्या. अधिकारी फोन करायचे तोही यजमानांना. महिला आरक्षणाची लोक टिंगल करतात ती याच काळावरून. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या. २०११ साली आपल्या राज्यात निम्म्या झाल्या. आकडे वाढत गेले तसे ‘सह्याजीराव’ नवरेही वाढले, हे खरे. पण त्यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तिसऱ्या वर्षी एकदा पाण्यावरून वस्तीतल्या बायका आल्या. यजमान गावाला गेलेले. ताई त्यांच्याबरोबर पहाटे साडेचारला नळावर जाऊन उभ्या राहिल्या. पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्हला किती आटे देतो, ते त्यांनी मोजले. वरच्या सोसायट्यांना चौदा आणि वस्तीला सहा. त्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात त्या स्वतः बोलल्या. ‘दाब कमी आहे’ असे अभियंत्याने सांगताच त्यांनी आट्यांचा हिशेब पुढे ठेवला. आठवड्याने नऊ आटे झाले. त्यानंतर अधिकाऱ्यांचे फोन ताईंना येऊ लागले. यजमानांनी काही दिवस तोंड पाडले, मग तेही निवळले.

ताईंची एक वही होती. शाळकरी, दोनशे पानी. तीन रकाने : नाव, काम, झाले की नाही. कोणाचे मत कोणाला, असा चौथा रकाना असेल अशी माझी शंका होती. मी चोरून पाहिले. नव्हता. तो त्यांच्या डोक्यात असणार, कारण राजकारण त्यांनी सोडले नव्हते आणि सोडावे अशी अपेक्षाही मूर्खपणाची.

आता जे सांगायचे ते सांगताना मला बरे वाटत नाही, पण ते वगळले तर हा लेख म्हणजे आरती होईल.

कोणतेही छोटे काम किती हातांतून जाते, ते आधी सांगतो. अंदाजपत्रकात प्रभागातल्या कामांसाठी तरतूद असते. पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात, इतर शहरांत इतर नावे. तरतूद झाली की अभियंता जागा पाहून एस्टिमेट करतो. मग मंजुरी, निविदा, ठेकेदार, कार्यादेश. हे सगळे ३१ मार्चपूर्वी. नाही झाले तर पैसा परत. म्हणून जानेवारी उजाडला की सगळ्या शहरात एकाच वेळी खणाखणी सुरू होते. आणि एका कामाचा पैसा खर्ची पडत नसेल तर सभेच्या मंजुरीने तो दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. याला महापालिकेच्या भाषेत ‘वर्गीकरण’ असे निरागस नाव आहे.

२०१२ च्या निवडणुकीत दोन वॉर्ड एकत्र करून दोघांचा प्रभाग झाला. ताई पुन्हा आल्या, पण या वेळी सोसायट्यांच्या मतांवर. त्या वर्षी ओढ्याच्या पलीकडे वस्तीच्या बाजूने सीमाभिंत आणि पावसाळी गटार यांसाठी तरतूद होती. जागेच्या मोजणीचा काही घोळ झाला आणि काम डिसेंबरपर्यंत सुरू झाले नाही. इकडे आमच्या कॉलनीतल्या मंडळींनी रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसवून मागितले. पावसात चिखल होतो, ज्येष्ठ नागरिक घसरतात. अर्जावर एकशे बारा सह्या. ज्येष्ठ नागरिकांमध्ये मीही होतो आणि पत्र अर्थातच मी लिहिले. आजवरचे माझे सर्वांत चांगले पत्र. लांबी, रुंदी, घरांची संख्या, घसरून पडलेल्या दोघांच्या दुखापती, काहीही राहिले नव्हते. वर्गीकरण झाले. फेब्रुवारीत आमच्या दारात लाल-करड्या रंगाचे ब्लॉक बसले. आम्ही पेढे वाटले.

जुलैमध्ये एका रात्री पाऊस झाला. फार मोठा नव्हे, वर्तमानपत्रात दोन ओळी येतील एवढा. ओढ्याचे पाणी वस्तीच्या खालच्या दोन रांगांत शिरले. जीवितहानी नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडले. आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई सकाळी दिसली नाही म्हणून मी फाटकाबाहेर आलो, तर ती बाहेरच होती. मुलाची वह्यापुस्तके ती आमच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर एकेक करून वाळत घालत होती. तिच्यासारख्या आणखी चार-पाच जणी. ‘‘इथं कोरडं आहे सर, म्हणून,’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्गीकरणाचा ठराव तिने वाचलेला नव्हता. वाऱ्याने उडू नये म्हणून तिने मराठीच्या पुस्तकावर दगड ठेवला होता.

मी आत येऊन चहा घेतला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या संध्याकाळी ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘मला माहीत होतं सर. पण तुमच्या एकशे बारा सह्या होत्या. तिकडच्या गटारासाठी एकही अर्ज नव्हता.’’ अर्ज का नव्हता? कारण तिकडे पत्र लिहिणारा नव्हता. पत्र लिहिणारा इकडे राहत होता. लोकशाहीत मोठा आवाज ऐकू जातो, हे सगळेच म्हणतात. पण हा आवाज बहुतेक वेळा टंकलिखित असतो, त्याला परिशिष्ट जोडलेले असते आणि तो पोच घेतो, हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या वर्षी मी आठवड्यातले दोन दिवस खोलीत न बसता वस्तीतल्या समाजमंदिरात बसू लागलो. गटाराचे पहिले पत्र तिथे लिहिले. भिंत आणि गटार २०१४ च्या पावसाआधी झाले. याचे श्रेय मी घेत नाही. एक वर्ष उशिरा झालेल्या कामाचे कसले श्रेय?

ओढ्यांच्या बाबतीत उशीर किती महाग पडतो, हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल या भागांत पाणी घुसले, भिंती पडल्या, माणसे गेली. ज्या शहराने १९६१ चा पानशेत पाहिला, त्याला नदीची भीती ठाऊक होती. पण या वेळी मारले ते ज्याच्याकडे लोक नाला म्हणून पाहत होते त्या ओढ्याने. सीमाभिंत, रुंदी, राडारोडा, अतिक्रमण हे शब्द सभागृहात बोलले जातात तेव्हा कंटाळवाणे वाटतात. एका रात्री त्यांचा अर्थ कळतो.

नगरसेवकांचे दुसरे रूपही मी त्याच खोलीतून पाहिले. टक्केवारी हा शब्द मी गणिताच्या मास्तरांपेक्षा ठेकेदारांच्या तोंडून जास्त ऐकला. निवडणुकीआधी देवदर्शनाच्या बसगाड्या निघताना पाहिल्या. चांगला रस्ता पुन्हा उखडताना पाहिला. सगळ्यांत घातक मला वाटले ते वेगळेच. हक्काची गोष्ट मेहेरबानी म्हणून देण्याची सवय! दिवा लागला की खांबाला फलक : ‘यांच्या प्रयत्नातून’. कराच्या पैशातल्या बाकावर नाव. आम्हीही काही कमी नाही. नियमाने जे मिळते तेही ओळखीने मिळाल्याशिवाय आम्हाला समाधान नाही. ताईही या मोहातून सुटल्या नव्हत्या. त्यांच्या नावाचे बाक आमच्या बागेत आहेत. मी त्यावर बसतो.

तरीही करोनाच्या काळात मला या पदाचा खरा अर्थ दिसला. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळे दरवाजे बंद असताना, कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर कोण म्हातारे एकटे आहे, कोणाची मुले परदेशात आहेत, कोणाला इन्सुलिन लागते, ही माहिती कोणत्याही संगणकात नव्हती. ती त्या दोनशे पानी वहीत आणि ताईंच्या डोक्यात होती. शिधा कोणाला द्यायचा आणि कोणाला मागायची लाज वाटते म्हणून रात्री गुपचूप नेऊन द्यायचा, हा फरक प्रशासनाला करता येत नाही. त्यासाठी त्या गल्लीत वीस वर्षे राहावे लागते.

आणि मग २०२२ मध्ये गल्लीतला हा माणूसच नाहीसा झाला. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्चला संपली, पुण्याची पुढच्याच आठवड्यात. इतर शहरेही त्याच वाटेने गेली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे वाद, कोर्टातल्या तारखा. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात जवळजवळ चार वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुकांची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला आणि राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव त्यांचाच, मंजुरी त्यांचीच. अंदाजपत्रक मांडणारेही तेच आणि ते मान्य करणारेही तेच. परीक्षेचा पेपर मुलानेच काढावा आणि त्यानेच तपासावा, असा हा प्रकार. मुलगा हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण मास्तर म्हणून मला ही पद्धत मान्य नाही.

शहर बुडाले का? नाही. कचरा उचलला जात होता, पाणी येत होते. अनेक जण म्हणाले, बरे झाले, नगरसेवक नाहीत तर कटकट नाही. आमच्या कॉलनीतही म्हणाले. कटकट आम्हाला कधी नव्हतीच. ओढ्यापलीकडे काय झाले ते सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात तिकडचे चार दिवे बंद पडले. मोबाइलवर तक्रार करायची सोय आहे. मीच केली, खांबांच्या नंबरांसह. तिसऱ्या दिवशी संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ संध्याकाळी जाऊन पाहिले तर अंधार. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. असे पाच वेळा. विचारायचे कोणाला? ज्याने निकाली काढली त्याचे नाव नाही, चेहरा नाही. चहा पाजून ज्याच्याशी भांडावे असे कोणी नाही. नगरसेवकाच्या दारात निदान ओरडता येते. पुढच्या वेळी मत देणार नाही, अशी धमकी देता येते. संदेशाला धमकी देता येत नाही. त्या चार वर्षांत गरिबांचे गेले ते हे : ओरडण्याची जागा.

ताई रोज सहाला बसत राहिल्या. पण त्यांचा फोन अधिकारी हळूहळू तिसऱ्या, मग पाचव्या खेपेला उचलू लागले. माजी माणसाच्या आवाजाला वजन नसते. वही भरत गेली, तिसरा रकाना मोकळा राहत गेला. एके दिवशी त्यांनी वही मिटून मला दिली. म्हणाल्या, ‘‘सर, नुसतं लिहून घेतल्याने लोकांना वाटतं काम होणार. ते आता बरं नाही.’’

यंदा त्या उभ्या राहिल्या नाहीत. आमच्या प्रभागातून आता चौघे निवडून आले आहेत. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, तिथे असे २२७. आमच्यासारख्या शहरांत चौघांचा प्रभाग. पुण्याच्या सभागृहात आता १६५ सभासद आहेत. चौघे असले की चौपट काम होईल, असे गणित सांगते. २०१७ ते २०२२ या मुदतीतला अनुभव असा की, काम झाले तर फलक चार लागतात आणि झाले नाही तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. यावर उपाय कायद्यात आहे. २००९ साली राज्याने क्षेत्र सभांची तरतूद केली. मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या भागातली कामे आणि त्यांचा क्रम आपण ठरवावा, नगरसेवकाने तिथे उत्तर द्यावे. ग्रामसभेचे शहरातले भावंड. कागदावर ते सतरा वर्षांचे झाले आहे, पण चालताना फारसे कोणी पाहिलेले नाही. ते चालले असते तर २०१३ सालच्या त्या सभेत एकशे बारा सह्यांसमोर ती वह्या वाळत घालणारी बाईही बसली असती आणि वर्गीकरण म्हणजे काय, हे तिने विचारले असते. नव्या नगरसेवकांकडे मला मागायचे आहे ते एवढेच. बाक नको, कमान नको. वर्षातून दोनदा ओढ्याच्या दोन्ही काठांची माणसे एका मांडवात बसवा आणि पैसा कुठे जाणार, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

मागच्या महिन्यात त्या खोलीवरची पाटी बदलली. चौघांपैकी एकाने ती भाड्याने घेतली आहे. पक्ष ताईंच्या विरुद्धचा, वय माझ्या नातवाएवढे. मी गेलो. त्याने उठून खुर्ची दिली आणि विचारले, ‘‘आजोबा, तुमच्या सोसायटीचं काय काम?’’ मी म्हटले, ‘‘आमचं काही नाही. ओढ्यापलीकडे चार दिवे दीड वर्षं बंद आहेत.’’ त्याने मोबाइल काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘खांबांचे नंबर सांगा.’’

कोणीतरी त्याला आधीच शहाणे केलेले दिसते. ताईंची वही मी पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी संध्याकाळी फेरफटका मारायला म्हणून ओढा ओलांडून गेलो. चारांपैकी दोन दिवे लागले होते. खाली मुले खेळत होती आणि उजेड संपतो तिथे त्यांनी खडूने रेघ मारली होती. उरलेल्या दोन खांबांसाठी उद्या पुन्हा जायचे आहे. स्मरणपत्र लिहून तयार आहे, दोन प्रतींत. पाटी नवी असली तरी वेळ तीच आहे, सायंकाळी सहा ते आठ.